खाट क्रमांक सातवरील तपासनीस साहेबांबाबत

प्रति,
माननीय अनुदान अधिकारी,
रुग्णालय साहाय्य विभाग.

विषय : आपले तपासनीस आमच्याकडे रुग्ण म्हणून दाखल असल्याबाबत व अडलेले अनुदान मिळण्याबाबत.

संदर्भ : १) ‘रुग्ण आढळून आले नाहीत’ हे आपले पत्र.
२) ‘रुग्ण हा अधिकारी असल्याचे आढळून आले’ हे आपले पत्र.

महोदय,

मी या वीस खाटांच्या रुग्णालयाची मुख्य परिचारिका. ज्यांच्याजवळ ना पैसा ना विमा, अशांनाच आम्ही घेतो. त्यांच्यासाठीचे सरकारी अनुदान पाच महिने बंद आहे. क्ष-किरण यंत्र दुरुस्तीअभावी पडून आहे. आमचे डॉक्टर हाड दाबतात आणि रुग्ण किती जोरात ओरडतो त्यावरून निदान करतात.

१. पहिल्या तपासणीच्या दिवशी सर्व खाटा रिकाम्या होत्या, हे खरे. गरिबीचा दाखला स्वतः हजर राहून घ्यावा लागतो आणि दाखल्याची खिडकी फक्त बुधवारी उघडते. तपासणीही बुधवारीच आली. पायाला प्लास्टर असलेल्या हमालदादांना तर दोघांनी उचलून नेले होते. त्यांच्या अर्जावर ‘हिंडूफिरू शकतात, सबब रुग्ण नव्हेत’ असा शेरा मिळाला.

२. दुसऱ्या तपासणीला आम्ही एकालाही उठू दिले नाही. सफाईच्या मावशींनी उत्साहाच्या भरात व्हरांडा दोनदा पुसला. तपासनीस साहेब छताची गळती टिपून घेण्यासाठी वर बघत चालत होते. ते पडले. डॉक्टरांनी घोटा दाबला तेव्हा साहेबांचा आवाज रस्त्यापलीकडच्या सलूनपर्यंत गेला, त्या अर्थी हाड मोडले होते.

३. साहेबांचे पाकीट व विम्याचे कार्ड कचेरीच्या गाडीत राहिले आणि गाडी पाचच्या ठोक्याला निघून गेली. कागदाविना आलेल्यास ‘विमा नाही’ असे नोंदवावे, हा आपलाच नियम आहे. उत्पन्न विचारले असता साहेब कळवळून म्हणाले, “काही राहिलं नाही हो माझं.” मी तसेच लिहिले.

४. पहिले दोन दिवस साहेबांनी उशांवर क्रमांक नाहीत म्हणून आम्हाला धारेवर धरले. तिसऱ्या दिवशी हमालदादांनी त्यांना कुबडीवर चालायला शिकवले. त्या उपकाराची फेड म्हणून साहेब त्यांचा दाखल्याचा फॉर्म भरायला बसले. दुपारपर्यंत चार फॉर्म फाटले. मग त्यांनी मला जवळ बोलावले आणि हळूच म्हणाले, “सिस्टर, हा फॉर्म मीच तयार केलाय. मला भरता येत नाहीये.” त्या दिवशी ते जेवले नाहीत. हमालदादांनीच त्यांची समजूत काढली.

५. चौथ्या दिवशी साहेबांनी पडल्या पडल्या अहवाल लिहिला, की अनुदान ताबडतोब द्यावे. त्यावर आपले दुसरे पत्र आले. रुग्णाने लिहिलेला अहवाल ग्राह्य नाही; शिवाय तो रुग्ण अधिकारी असल्याने गरीब नाही, सबब आमची नोंद खोटी; आणि नवे तपासनीस पाठवण्यात येतील. स्वागत आहे. मात्र चांगल्या गादीची एकच खाट उरली आहे, तेव्हा त्यांना खाली बघून चालण्याची लेखी सूचना व्हावी.

६. तरी विनंती की, साहेब अधिकारी आहेत की रुग्ण, हे एकदाचे ठरवावे. अधिकारी असतील तर त्यांचा अहवाल खरा. रुग्ण असतील तर आमची नोंद खरी. दोन्ही प्रकारे अनुदान देय होते. ते दोन्ही नाहीत असे ठरल्यास तसे कळवावे, पण ते पत्र त्यांना वाचून दाखवण्याचे काम माझ्याच्याने होणार नाही.

हाड जुळायला सहा आठवडे लागतील. तोवर साहेब इथेच राहतील, अनुदान येवो अथवा न येवो.

आपली, व तूर्त आपल्या तपासनिसांचीही,
मुख्य परिचारिका

दिनांक : १४ जुलै

सोबत :
१) साहेबांचा अहवाल (लेखक आडवे असल्याने अक्षर तिरके आहे).
२) फाटलेले फॉर्म, चार.
३) हमालदादांचे निवेदन, की ‘शेजारच्या खाटेवरचा माणूस चांगला आहे, त्याला रागावू नये.’