टोपीवाल्याचा मीटर

४ मार्च, मंगळवार
आला! सात वर्षांनी आमच्या दुकानाची पायरी चढला — टोपीवाला फोटोग्राफर. उजेड मोजायचा मीटर हातातून पडला, काटा अडकलाय म्हणे. गावात मीटर उघडणारं दुसरं कोणी उरलं नाही, नाहीतर कशाला येतोय! वर बाबांची चौकशी. लाज कशी वाटत नाही या माणसाला?

फोटोग्राफरांच्या भर सभेत उभा राहून म्हणाला होता, या बापलेकीच्या दिव्यासमोर मीटर जुळवून घेतला आणि माझ्या सगळ्या स्लाइड काळ्या आल्या. बाबा मान खाली घालून घरी आले. तेव्हापासून दुकानात बसले नाहीत. आतल्या खोलीत रेडिओ लावून पडून असतात.

दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. सात वर्षांत एकाचीही नाही!

५ मार्च
काटा मोकळा केला. रविवारी जुन्या गिरणीची चिमणी पाडणार आहेत, ती हा स्लाइड फिल्मवर टिपणार. चिमणी काही त्याच्यासाठी दुसऱ्यांदा पडायची नाही.

निगेटिव्ह बिचारी एखाद्या स्टॉपची, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा झाल्याची, चूक पोटात घालते, प्रिंट काढताना सावरून घेता येतं. स्लाइड नाही घालत, तिथे फिल्म हाच फोटो. उजेड दुप्पट झाला की पांढरीफटक.

आम्ही सगळे मीटर ज्यावर जुळवतो त्या बाबांच्या दिव्यासमोर काटा पंधरावर यायला हवा. मी स्क्रू फिरवून चौदावर आणला. एक आकडा खाली म्हणजे मीटर उजेड निम्माच सांगणार, आणि हा फिल्मला दुप्पट देणार. भोग म्हणावं आता!

६ मार्च
घेऊन गेला. जाताना नमस्कारसुद्धा केला.

९ मार्च, रविवार
चिमणी पडली. धूळ पार आमच्या खिडकीपर्यंत. मी आज दोनदा वाढून घेतलं.

१४ मार्च, शुक्रवार
टोपीवाला आला. मी पदर खोचून तयारच होते. काय काय ऐकवायचं ते पाठ करून ठेवलं होतं. त्याने एकेक स्लाइड खिडकीशी धरली. एकूणएक सुरेख! वीट न् वीट मोजून घ्या.

म्हणाला, "या वेळी बरोबर लावलास. दिवा बदलला ना?"

मी हो म्हटलं.

१५ मार्च
कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तपासलेला दिवा मागून आणला. आपल्या दिव्याशेजारी लावला. आपला चांगला एक स्टॉप मंद, म्हणजे त्याच्यासमोर चौदाच बरोबर. कधीपासून, देव जाणे. बाकीची सगळी गिऱ्हाइकं निगेटिव्हवाली, म्हणून कोणी बोललं नाही.

बाबा आतून विचारतायत, दिवा का विझवलास?