संत्र्याच्या ताणात पाऊस

मंगळवार, ६ जानेवारी. रामदासपेठ, संध्याकाळ.

पाऊस आला. खोलीतल्या मुली खुशीत भजी तळताहेत. "चल वं, भजे थंडे होऊन राहिले!" डोकं दुखतंय म्हटलं. काय सांगू त्यांना? खाप्याजवळच्या आमच्या बागेत संत्र्यांना ताण दिलाय, महिना होत आला. पाणी तोडल्याशिवाय झाड फुलावर येत नाही, आणि मधेच पाऊस झाला की नुसती पालवी फुटते. फळ नाही. यंदाचा बहर तर पहिलाच. मी कॉलेजात गेले त्या वर्षी बाबांनी ही झाडं लावली. घरातली पहिली पदवीधर मी, पण ढगापुढे ती पदवी काय करणार?

भज्यांचा वास इथवर येतोय. नको वाटतो.

बाबांना फोन केला. गावात अजून नुसतंच भरून आलंय.

"तिकडं पडून राहिलं का पाणी?" त्यांनी विचारलं.

"नाही जी बाबा. थोडी झिमझिम."

का बोलले असं? त्यांना अजून थोडी आशा राहावी म्हणून? की खरं उच्चारायची मलाच भीती वाटली? ढग तर तिकडेच चाललेत.

बाबा म्हणाले, "खिडकी लाव पोरी. टिनावरचं पाणी मले इथपर्यंत ऐकू येऊन राहिलं."

मी खिडकी लावली. फोन त्यांनी ठेवला नाही, मीही नाही. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, "आलं."