आजीचा वेळ जातो की नाही

सोमवार, ३
टॅब म्हणजे पाटीएवढी काच! नातीने शिकवला. आणि सगळं फुकट. आज म्युझियम पाहिलं. एका राजाचा पलंग तर एवढा मोठा, की राणीला त्यात राजाला शोधावं लागत असेल. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून जिना उतरले नाही, आणि आज राजवाडा हिंडून आले!

हे का चाललंय तेही लिहिते. लेकाची बदली झालीय, लांब. महिनाअखेर तो, सून आणि नात तिघं जाणार. तिथलं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही – म्हणजे माझा प्रश्नच मिटला. शेजारची बाई दोन वेळा येऊन बघेल. पण नात अडून बसलीय, आजी एकटी राहणार तर मी नाही येणार. दहा वर्षांची पोर, हट्ट मात्र माझा उचललाय! शेवटी एवढ्यावर आली – आजीचा वेळ जातो असं दिसलं तर येईन.

म्हणजे माझी परीक्षा. चौथीनंतर पहिलीच.

बुधवार, ५
व्यायामाचा वर्ग. केस विंचरून, पावडर लावून बसले. बाई म्हणाल्या श्वास घ्या. घेतला हो, म्हटलं, तुम्ही कुठल्या? उत्तर नाही. नात हसून आडवी. ते आधीच भरून ठेवलेलं असतं म्हणे. असेल. पण तोंडाकडे बघून कुणी बोललं तर ओ देऊ नये का?

शनिवार, ८
लुडो. नात आत आईच्या फोनवर, मी बाहेर टॅबवर. म्हटलं, इथे जवळ बस की. तर म्हणाली, "नको आजी, सवय कर." दार लावून घेतलं. मी जिंकले. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. हरली म्हणून असेल.

शुक्रवार, १४
लेक हळूच म्हणाला, आई, तिच्यासमोर जरा हसत राहा, तिकिटं काढलीत. हसायला काय बटण आहे? तरी मांजरांची गंमत लावली आणि ती आल्यावर खो खो हसले. तिने वाकून पाहिलं – टॅब केव्हाच बंद पडला होता. चार्जिंग संपलेलं.

वायर आणून जोडली आणि कुशीत शिरली. मग म्हणाली, "येते मी जाऊन. पण रोज चारला खेळायचं."

शुक्रवार, २८
गेली.

सोमवार, ८
रोज चारला लुडो. आवाज अडकतो, तिचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. नव्या शाळेत कुणी बोलत नाही म्हणे तिच्याशी. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभी असते. म्हणाली, "आजी, तूच माझी मैत्रीण."

मला किती बरं वाटलं! मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. पोर तिथे रडतेय आणि मी इथे खूश.

गुरुवार, १८
चारला फोन आला. घाईत होती. मागे पोरींचा गलका. "आजी, आज नाही खेळलो तर चालेल? खाली बोलावतायत."

म्हटलं, बरं झालं बाई, मलाच आज वेळ नव्हता.