बाबांच्या खुर्चीची कुरकुर

दादा,

वहिनी सांगत होती, सिनेमातला म्हातारा खुर्चीतून उठला, खुर्ची कुरकुरली, तेव्हा तू रडलास. बाबांची आठवण झाली म्हणे. होणारच. ती कुरकुर बाबांच्याच खुर्चीची आहे. भंगारात दे म्हणाला होतास ती.

भाचीने नोकरी सोडून आवाज गोळा करायचं खूळ घेतलंय, असं चारचौघांत बोललास ना? तिनेच त्या सिनेमातल्या आवाजासाठी मला बाबांच्या खुर्चीतून वीस वेळा उठवलं. "आजोबांसारखी ऊठ, आई. गुडघ्यावर हात ठेवून." गुडघे गेले माझे. मागे पेटी वाजते तीही तिनेच वाजवलीय. असं काम आहे माझ्या पोरीचं.

मामाला सांगू नको म्हणते, त्याला टोमणा वाटेल. म्हणून हे पत्र टाकत नाही. पण घरी आलास की त्याच खुर्चीत बसवीन. उठशील तेव्हा कळेल तुझं तुला.

तुझी धाकटी