चार किलोमीटर कमी

५ मार्च, मंगळवार

बदलली एकदाची चाकं! चौदा इंची काढून सोळा इंची घातली, वर जाडजूड टायर. गाडी बोटभर उंच झाली, पण ऐट काय वाढली! टायरवाला घेर-बीर काहीतरी सांगायला लागला, त्याला तिथंच गप्प केलं. बावीस वर्षं मी दुकानदारांची वजनं-मापं तपासतोय, आणि हा मला माप शिकवणार!

ही दारातून बघून म्हणाली, "आता चढायला एक शिडीपण आणा." दोघंही हसलो.

१० मार्च, रविवार

ही नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आईकडे जाऊन आली. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून रविवारची अंघोळ त्यांना हिच्याच हातची लागते. मीटर पाहिलं — ऐंशी. जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी पडतात. माझ्याच वाचण्यात चूक झाली असेल.

१७ मार्च, रविवार

पुन्हा ऐंशीच! जाताना दोन कमी, येताना दोन कमी. म्हणजे गाडी सासूबाईंच्या घराच्या दोन किलोमीटर अलीकडेच थांबते. तिथं काय आहे? तिथं हिच्या कॉलेजातल्या त्या मित्राचं चष्म्याचं दुकान आहे. आमच्या लग्नात फोटो काढत फिरत होता तो.

मेहुण्याला सहज म्हणून फोन केला. "ताई? होती की दिवसभर. आईला न्हाऊ घातलं, जेवली, निघाली." फारच पटापट बोलला. भाऊ बहिणीचीच बाजू घेणार!

रविवारी ते दुकान बंद असतं म्हणा. पण तेच तर!

१८ मार्च, सोमवार

एका किराणावाल्याचा काटा पकडला. किलोमागे पन्नास ग्रॅम कमी. "साहेब, काटाच बिघडलाय, मला काय माहीत!" सगळे हेच म्हणतात. दंडाची पावती फाडली त्याच्या नावाने.

जेवणावर वासना नाही. ही विचारते, "बरं नाही का?" कपाळाला हात लावून बघते. मला त्या हाताचाही राग आला. लिहायलासुद्धा लाज वाटते.

१९ मार्च, मंगळवार

विचारलंच शेवटी. ही भाजी चिरत होती.

"रविवारी कुठं थांबतेस?"

"कुठं म्हणजे? आईकडे."

"मीटर चार किलोमीटर कमी दाखवतंय. ते काय खोटं बोलतं?"

मग तोंडाला लगामच राहिला नाही. तो चष्मेवालाही काढला. वाटलं होतं भांडेल, भांडी आपटेल. हिने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. चोराच्या मनात चांदणं! — निदान तेव्हा तरी असंच वाटलं.

२० मार्च, बुधवार

डबा भरून ओट्यावर ठेवलेला. एरवी हातात देते.

२२ मार्च, शुक्रवार

वळताना टायर आतून घासतात म्हणून टायरवाल्याकडे गेलो. त्याने वाकून बघितलं. "तेव्हा हेच सांगत होतो ना साहेब! घेर वाढलाय, घासणारच. आणि मीटरसुद्धा कमी पळणार. शंभर गेलात तर पंचाण्णव दाखवेल."

तिथंच त्याच्या स्टुलावर बसलो. चाक मोठं, एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं. मीटर बिचारं फेरेच मोजतं! चौऱ्याऐंशीचे ऐंशी! अख्ख्या गावाचे काटे तपासत हिंडलो आणि घरचा तपासला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! जुनी चाकं त्याच्याकडेच पडून होती, ती लगेच घालून घेतली.

घरी येऊन हिला सगळं समजावून सांगितलं. कागदावर दोन वर्तुळं काढून दाखवली. अक्षरशः हात जोडले. "चूक टायरची होती गं!" ही बराच वेळ त्या वर्तुळांकडे बघत राहिली. मग चहा करून दिला.

सुटलो बुवा! छातीवरचा धोंडा उतरला.

२४ मार्च, रविवार

ही आईकडे बसने गेली. निघताना गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि चपला घालता घालता विचारलं, "टायर बदलायच्या आधी दर रविवारी चौऱ्याऐंशी पडायचे — हे तुम्हाला कसं माहीत?"