पालकांची सही

प्रिय ताई,

उद्या तुला जाऊन वर्ष होतंय, तुझं पुण्यानुमोदन. दाजींनी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावलाय. शाळेच्या गॅदरिंगमधला तुझा फोटो आणि खाली 'सोशिक, समंजस अर्धांगिनी'. वर मला फोन, "शीतल, तू दोन शब्द बोल ना, तुला चांगलं जमतं." मला जे बोलायचंय ते मंडपात ऐकवण्यासारखं नाही, म्हणून आधी तुलाच लिहितेय.

सोशिक! तू? चौथीच्या पोरांना तुझ्या नुसत्या आवाजाने घाम फुटायचा. प्रगतिपुस्तकावर सही नसली की पोराला दारातूनच परत पाठवायचीस. "पालकांची सही आण, मग बस." मी म्हणायचे, अगं, त्याची आई चार घरची धुणीभांडी करते, तिला कुठला वेळ? तर म्हणे, नियम म्हणजे नियम.

मग तुझीच गत तशी झाली की नाही? घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. गर्भ नळीत अडकून नळी फुटली होती, पोटात रक्त साठत होतं. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन, नळी काढावी लागेल. आणि पुढचा प्रश्न, "मिस्टर कुठे आहेत? सही लागेल."

"मी सख्खी बहीण आहे, मी करते."

"तुमची नाही चालणार. मूल होण्याचा प्रश्न आहे. उद्या मिस्टर येऊन राडा करतील, तेव्हा तुम्ही पडणार का मध्ये?"

दाजी बोरिवलीला होते. फोनवर म्हणाले, "मी येईपर्यंत काही करू नका. आईला घेऊन निघतो." आईला! रक्त तुझं जात होतं आणि सल्ला तुझ्या सासूचा हवा होता.

आणि तू? तू तर शुद्धीवर होतीस गं! मी डॉक्टरांवर ओरडले, पोट तिचं आहे, तीच सही करेल. तेव्हा कुठे ते पेन तुझ्यापुढे धरून म्हणाले, "करताय का मॅडम?" पांढरीफटक पडली होतीस, तरी तू पेन बाजूला सारलंस.

"ह्यांना येऊ दे. नंतर बोलत बसतील."

कसलं नंतर, ताई? शेजारच्या खाटेवरच्या एका माणसाचा पाय मोडला होता. त्याच्या मुलाने पटकन सही केली आणि थिएटर त्याला मिळालं. परवा मार्केटात दिसला, भाजी घेत होता. दाजी आईसह पोचले, सही केली, पण थिएटर मोकळं होईपर्यंत तू संपली होतीस.

नंतर मी दिंडोशी कोर्टातल्या एका वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "पेशंट सज्ञान, शुद्धीवर? मग कायद्याने तिचीच संमती लागते, नवऱ्याची नाही. बेशुद्ध असती तर सहीसाठी न थांबता जीव वाचवायचा. आणि आधी कोणाला घ्यायचं ते जिवाचा धोका बघून ठरतं, सही कोणाची आली त्यावरून नाही." तक्रारीचा कागद घेऊन दाजींकडे गेले. "ती परत येणार आहे का?" म्हणाले. त्यावर मात्र त्यांनी सही केली नाही.

डॉक्टरांचा मला राग येतो, दाजींची किळस येते. पण सगळ्यात जास्त राग तुझा येतो. मेलीस म्हणून काही तो कमी होत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं दाराबाहेर उभी केलीस आणि शेवटी स्वतःलाही केलंस.

आणखी एक ऐक. दाजींनी मुलगी बघितलीय, मुलुंडची. "शांत आहे, उलटून बोलत नाही." उद्या तीही येणार आहे, घरच्यांसोबत.

म्हणून आता ठरवलंय. दोन शब्द बोलायचे नाहीत, माईकवर हे पत्रच वाचायचं, पहिल्या ओळीपासून. दाजी समोर असतील, तुझी सासू असेल. मी बघेन फक्त त्या मुलीकडे. लग्न मोडलं तर मोडू दे. तुला शब्द देते, तिच्या हातात कोणी पेन दिलं तर ती ते बाजूला सारणार नाही.

खाली सही माझीच आहे. कोणालाही न विचारता केलीय.

शीतल