खांबाआडचा कृष्ण

तिरुवैयारु,
२५ ऑगस्ट २०२५

चि. रघुराम यास अक्काचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. कावेरीला पाणी आहे, माझ्या गुडघ्यालाही आहे. फोनवर तू दोन वाक्यांत मीटिंगला पळतोस, म्हणून पत्र. तमिळ शाळेत शिकलास, देवनागरी तुला अक्षर अक्षर लावत वाचावी लागते. तेवढा वेळ तरी मध्ये बोलणार नाहीस.

तुझ्या अंबाला शाळेच्या गोकुळाष्टमीच्या चित्रस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. अभिनंदन. तुझं, आणि तंजावुरातल्या त्या दुकानदार पेंटरचं.

पोरीने मूळ चित्र माझ्याच ओसरीवर बसून लाकडी फळीवर काढलं होतं. मोठा खांब, त्याआडून एक डोळा आणि लोण्याने माखलेला हात. बस्स. आठ वर्षांच्या मुलीला ठाऊक, की चोरी केलेलं पोर लपतं. तू मात्र विचारलंस, "कृष्ण कुठाय? जजला दिसायला नको?" आणि फळी उचलून थेट पेंटरकडे! त्याने कृष्ण ओढून पुढे बसवला, गोरा केला, गाल फुगवले, सोन्याचा वर्ख लावला, खडे चिकटवले. चोर पकडून वर दागिने घातलेत.

मी बोलले तर म्हणालास, "अक्का, सगळेच आईबाप करतात. स्पर्धा आहे, पोरखेळ नाही." अरे, मुलांच्या स्पर्धेत पोरखेळ नको, तर मुलं नेता कशाला? नुसत्या फळ्या पाठवा.

मी माझ्या शाळेत चित्रकला शिकवते ती एवढ्यावर: मुलाच्या कागदाला आपला हात लावायचा नाही. "हे काय?" विचारायचं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत गप्प बसायचं. आपल्या डोळ्यांना दिसलं ते मांडायची हिंमत त्यातून येते. गुबगुबीत कृष्ण काढायला पुढे जन्म पडलाय.

एवढंच लिहून सही केली असती. पण काल अंबा आली. मी कागद, रंग पुढे ठेवले. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "आत्या, पेंटरला बोलाव ना. त्याला काढू दे, मी नाव लिहिते."

रुसून नाही रे म्हणाली. शहाण्यासारखी म्हणाली.

आज सकाळी तिच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना सगळं सांगून आले. बक्षीस परत मागतील. अब्रू गेली तर ती मी घालवली. अंबाला एक शब्द बोलायचा नाही. भांडायला इथे ये, आधी जेव, मग भांडू. तिला घेऊनच ये.

यापुढे आधी अंबाची आत्या, मग तुझी अक्का,
वरलक्ष्मी